बदल आणा, पण गोदामातल्या माणसाला विचारून

महोदय,

कंपन्यांतल्या एआय आणि ऑटोमेशनबद्दल बरेच छापून येते; ते रोज हाताळणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे मालाच्या नोंदीसाठी बारकोड आणि नवे सॉफ्टवेअर आले. निर्णय वरच्या मजल्यावर झाला. दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्यांवरची लेबले सुटतात, हातमोजे घातलेल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, हे आमचा कोणताही हेल्पर पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. आता माल उतरला की नोंद वहीत होते आणि पाळी संपल्यावर तीच संगणकात चढवावी लागते. काम दुप्पट झाले आहे.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. जुनी यंत्रे तशीच रेटत राहिले की काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. कामगारकपात होऊ शकेल अशा तांत्रिक बदलाआधी २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. कपात होणार नसली तरी तेवढा अवधी घ्यायला काय हरकत आहे? त्यात नवी पद्धत एका पाळीत चालवून पाहावी, स्क्रीनवर मराठी-हिंदी असावी आणि प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेतच द्यावे. आमचे रविवारी ठेवले होते, तेही मेगाब्लॉकच्या दिवशी. बदलापूर-टिटवाळ्याहून येणारे बरेच जण पोहोचूच शकले नाहीत.

– एक स्टोअर्स सुपरवायझर, अंधेरी (पूर्व), मुंबई