पंचेचाळीसचे बेचाळीस

पुणे,
१२ ऑक्टोबर

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरअखेर स्मार्टवॉचचं सॉफ्टवेअर अपडेट केलंस आणि दहा दिवसांत व्हीओटू मॅक्स ४५ वरून ४२ वर आला. तू विचारतोस, तब्येत बिघडली की घड्याळ? यात तू तिसऱ्या संशयिताला सोडलंस, तो म्हणजे ऑक्टोबरचा उन्हाळा. त्याच्याकडे येतोच, पण आधी तो आकडा येतो कुठून ते बघू.

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून पळताना शरीर एका मिनिटात, वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते. खरं मोजायचं तर तोंडावर मास्क, पायाखाली ट्रेडमिल, आणि श्वासातल्या वायूंचं विश्लेषण करणारं यंत्र लागतं. मनगटावरच्या घड्याळाकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे हृदयाचे ठोके टिपणारा हिरवा दिवा, जीपीएस आणि तू भरलेलं वय-वजन असतं. तू किती वेगाने पळतोस आणि त्या वेळी ठोके किती पडतात, या जोडीवरून ते हिशोब मांडतं. कंपन्या आपापली सूत्रं पूर्ण उघड करत नाहीत, पण त्यांचा गाभा व्यायामशास्त्रातल्या जुन्या समीकरणातच आहे, आणि ते वहीत मांडता येतं.

तुझेच आकडे घेऊ. तू सपाटीवर किलोमीटरला ६ मिनिटं, म्हणजे ताशी १० किलोमीटरने पळतोस. हे मिनिटाला १६७ मीटर झाले. पळण्याचं समीकरण सांगतं की वेगाला ०.२ ने गुणा आणि बसल्या जागी लागणारे ३.५ मिळवा. उत्तर येतं जवळजवळ ३७. ही झाली त्या वेगाची किंमत. आता ती तुझ्या ताकदीच्या किती टक्के? तुझे विश्रांतीचे ठोके ६०, कमाल १८० आणि पळताना १५६. मधल्या १२० ठोक्यांपैकी ९६ वापरलेस, म्हणजे ८० टक्के. बसल्या जागीचे ३.५ वगळून उरलेल्या ३३.३ ला ०.८ ने भागून ते ३.५ परत मिळवले की ४५ येतात. हाच तुझा जुना आकडा.

आता यात एकेक गोष्ट हलवून बघ. घड्याळाने तुझे कमाल ठोके १८० ऐवजी १७० धरले, बाकी सगळं तसंच राहिलं, तर उत्तर ४१.७ येतं. कमाल १८० च आहेत, पण उकाड्यामुळे त्याच वेगाला १५६ ऐवजी १६४ ठोके पडले, तर ४१.९. जीपीएसने अंतर पाच टक्के कमी मोजलं, तर ४३.१. पहिल्या दोन कारणांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी पडद्यावर दोन्ही वेळा ४२ च दिसणार. म्हणून ४२ कडे बघून काहीच कळत नाही, त्याच्या पोटातले ठोके बघावे लागतात. अपडेटनंतरही सहाच्या वेगाला १५६ च पडत असतील, तर तू जिथे होतास तिथेच आहेस, बदललं ते गणित. १६४ पडत असतील तर गणित सोड आणि हवेकडे किंवा स्वतःकडे बघ.

शरीर दहा दिवसांत इतकं खाली येतं का, हेही बघू. नियमित सराव असलेल्या माणसाने व्यायाम पूर्ण बंद केला तर साधारण तीन आठवड्यांत सात टक्के घट होते. ४५ चे ४२ म्हणजे जवळजवळ तेवढीच घट, आणि तू तर एक दिवस चुकवलेला नाहीस. घसरण कशी झाली हेही पाहा. अ‍ॅपलचं घड्याळ असेल तर हेल्थ अ‍ॅपमध्ये कार्डिओ फिटनेस उघडून सगळ्या नोंदी काढ. अपडेटनंतरच्या पहिल्याच नोंदीला पायरी पडावी तसा आकडा पडला आणि मग तिथेच सपाट राहिला, तर गणित बदलल्याची शक्यता मोठी. पाच-सहा नोंदींमध्ये उतारासारखा हळूहळू घसरला असेल, तर कारण बहुधा घड्याळाबाहेर आहे. नवं सूत्र आलं तरी जुन्या नोंदी त्याने पुन्हा मोजलेल्या असतीलच असं नाही. आलेखात मात्र दोन्ही एकाच रेषेत जोडलेल्या दिसतात, आणि माणूस फसतो तो इथेच.

आता ऑक्टोबर. अ‍ॅपलच्या घड्याळाचं मोठं वार्षिक अपडेट येतं सप्टेंबरात. आपल्याकडे त्याच सुमाराला पाऊस ओसरतो, ढग जातात, ऊन चढतं, आणि तुझ्या ठाण्यासारख्या खाडीकाठच्या शहरात हवेतली वाफ काही हलत नाही. घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळतं, आणि पायांना तेवढंच रक्त पोचवायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. आठ-दहा ठोके सहज वाढतात. लांब पळताना वेग तोच राहिला तरी ते शेवटाकडे आणखी चढतात. गार्मिन कंपनीची काही घड्याळं २२ अंशांच्या वर उष्णतेचा हिशोब धरतात, पण सगळी घड्याळं धरत नाहीत, आणि धरला तरी ठाण्यातला दमटपणा त्यात नीट उतरेल याची मी तरी हमी देणार नाही. अपडेटला शिव्या घालणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पहाटेचं तापमान शेजारी शेजारी मांडलं, तरी बरीच भांडणं मिटतील.

दुसरा चोर म्हणजे ठोक्यांच्या जागी पावलं मोजली जाणं. हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची लय बघतो. पट्टा सैल असला की घड्याळ प्रत्येक पावलाला आपटतं, आणि ते पावलांचीच लय ठोके म्हणून धरून बसतं. सहाच्या वेगाला तुझी मिनिटाला १६५-१७० पावलं पडत असणार. पळण्याच्या आलेखात ठोके आणि पावलं या दोन रेषा पहिल्या मिनिटापासून एकमेकींवर बसलेल्या दिसल्या, तर ते हृदय नव्हे. खात्री करायची असेल तर थांबल्या थांबल्या मानेला बोट लाव आणि फक्त दहा सेकंद मोज. २६ आले तर १५६, २८ आले तर १६८. पंधरा-वीस सेकंद मोजू नकोस, तोवर ठोके उतरायला लागतात. इलाज साधा आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकव, पळताना पट्टा एक भोक घट्ट कर, आणि पहिली दहा मिनिटं सावकाश पळ. सकाळी गार बोटांनी निघालास तर सुरुवातीचे ठोके तसेही बेभरवशाचे असतात. छातीला लावायचा पट्टा कुणाकडे असेल तर एकदा मागून घे. दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले की वादच उरत नाही.

जीपीएसचं म्हणशील तर घोडबंदर रोडचे टॉवर आणि मेट्रोचा पूल हे त्याचे वैरीच. भिंतीवर आपटून आलेला सिग्नल वाट वाकडी काढतो, अंतर कधी वाढतं, कधी घटतं. आणि रविवारचा येऊरचा डोंगर तर हिशोबात धरूच नकोस. अ‍ॅपलचं घड्याळ हा अंदाज साधारण सपाट वाटेवरच काढतं, पाच टक्क्यांहून जास्त चढ-उतार त्याला चालत नाही. चढ धरणाऱ्या घड्याळांमध्ये उंची हवेच्या दाबावरून येते. दाब मोजणाऱ्या सेन्सरचं बारीक भोक घामाच्या मिठाने किंवा साबणाने बुजलं की सपाट रस्त्यालाही घाट दिसतो. साध्या पाण्याखाली धरून धुवायचं, पिन खुपसायची नाही.

आता सेटिंग. अपडेटनंतर, विशेषतः घड्याळ फोनला पुन्हा जोडावं लागलं असेल तर, वजन, उंची आणि जन्मतारीख तपास. हा आकडा दर किलोमागे असतो. मिनिटाला ३.२ लिटर ऑक्सिजन ७४ किलोंत वाटला तर ४३ येतात, ७८ किलोंत वाटला तर ४१. गार्मिन असेल तर युजर प्रोफाइलमध्ये हार्ट रेट झोन उघडून कमाल ठोके किती धरलेत ते बघ. ते आपोआप ओळखायची सोय चालू असेल, तर पावलांना ठोके समजलेल्या एखाद्या दिवसाने ते उगाच वर नेऊन ठेवलेले असू शकतात. २२० वजा वय हा नियम चाळीस वर्षांच्या माणसाला १८० देतो. पण खऱ्या माणसांत दहा ठोके इकडेतिकडे ही अगदी रोजची गोष्ट आहे.

अ‍ॅपल असेल तर आणखी दोन ठिकाणं. फोनच्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये सिस्टिम सर्व्हिसेस उघड आणि मोशन कॅलिब्रेशन चालू आहे ना बघ. मग वॉच अ‍ॅपमधल्या वर्कआउटच्या सेटिंगमध्ये जाऊन लो पॉवर मोड आणि जीपीएस-ठोक्यांच्या कमी नोंदी घेण्याचा पर्याय बंद कर. बॅटरी वाचवायला तो चालू करतात आणि विसरतात. पावलाची लांबीच चुकतेय असं वाटलं, तर वॉच अ‍ॅपच्या प्रायव्हसीत फिटनेस कॅलिब्रेशन रीसेट करता येतं. त्यानंतर मोकळ्या आकाशाखाली, सपाटीवर, वीस मिनिटं नेहमीच्या चालीने, आउटडोअर वॉक लावून चालायचं. हा उपाय मात्र शेवटी कर. सगळं एकदम बदललंस तर नेमका गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही.

काकाही तुझं जुनं घड्याळ वापरतात म्हणालास. त्यांना मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू आहे. ते ठोके दाबून ठेवतं, म्हणजे घड्याळाला वाटणार की एवढं चालूनही हृदय शांत, म्हणजे माणूस दणकट! आकडा फुगवून सांगितला जातो. त्यांच्या फोनवरच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये त्यांच्या फोटोवर टॅप करून हेल्थ डिटेल्स उघड. ठोक्यांवर परिणाम करणाऱ्या औषधांचा रकाना तिथे आहे, त्यात बीटा ब्लॉकर भर. आकडा चांगला दिसला म्हणून गोळीचा डोस त्यांच्या मनाने कमी होणार नाही, एवढं मात्र काकूंना सांगून ठेव.

आता निकाल लावायचा मार्ग. ४०० मीटरचा ट्रॅक गाठ. सकाळी सहाला जा, चहा-कॉफी न घेता, आदल्या दिवशी जोरात पळणं नको. दहा मिनिटं गरम हो. मग पहिल्या लेनमध्ये पाच फेऱ्या मार, प्रत्येक फेरी २ मिनिटं २४ सेकंदांत. हाच किलोमीटरला सहाचा वेग. फेरी संपली की लॅपचं बटण स्वतः दाब, अंतर ट्रॅकचं धर, जीपीएसचं नको. शेवटच्या दोन फेऱ्यांचे सरासरी ठोके, हवेचं तापमान आणि त्या सकाळचे विश्रांतीचे ठोके वहीत लिही. दोन आठवड्यांत तीनदा कर. पहिल्या दोन फेऱ्या चुकून जोरात गेल्या तर त्या दिवसाची नोंद खोड. वेग कमी-जास्त झाला की तुलनेला अर्थ राहत नाही.

कमाल ताकदच बघायची असेल तर कूपरची बारा मिनिटांची चाचणी आहे. बारा मिनिटांत जितके मीटर जाशील त्यातून ५०५ वजा कर आणि ४४.७ ने भाग. सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर, म्हणजे ४२.४. शंभर मीटर इकडेतिकडे झाले की सव्वादोनचा फरक पडतो. पण ती उकाड्यात करू नकोस, थंडी पडू दे. ईसीजी वगैरे झाला नसेल तर आधी तो करून घे.

आणि ४५ च खरे होते असं तरी कशावरून? २०२५ मध्ये ३० जणांवर अ‍ॅपलचं घड्याळ आणि मास्कची चाचणी ताडून पाहिली, तेव्हा सरासरी चूक १३ टक्क्यांची निघाली, आणि घड्याळ एकंदरीत कमीच दाखवत होतं. ४५ वर १३ टक्के म्हणजे सहाच्या आसपास. तुझे गेलेले तीन त्यात दोनदा मावतात. एकाच माणसात ही चूक बरीचशी एकाच बाजूची राहते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांची चढ-उतार बघायला घड्याळ उपयोगी पडतं. फुटपट्टी दोन सेंटिमीटर तुटकी असली तरी पोर वाढतंय की नाही ते कळतं, तसं. अपडेटमध्ये सूत्र बदलतं तेव्हा फुटपट्टीच नवी येते. म्हणून वहीत अपडेटच्या तारखेला आडवी रेघ मार. रेघेखालचे आकडे रेघेवरच्यांशी ताडायचे नाहीत.

एका बाबतीत मात्र घड्याळावर ढकलू नकोस. ट्रॅकवर, गार सकाळीही, तेच अंतर त्याच वेगाने पळताना दोन-तीन आठवडे आठ-दहा ठोके जास्तच पडत असतील, विश्रांतीचे ठोकेही चढले असतील, किंवा जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून घे. गणपतीत तुला ताप येऊन गेला होता, तेही सांग. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर ट्रॅक वगैरे राहू दे, त्याच दिवशी जा.

या रविवारी येऊर नको. तीन सकाळींचे ठोके झाले की पाठव. सोबत तापमान लिहायला विसरू नकोस, नाहीतर मला परत विचारावं लागेल.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय