स्टॅक स्विचच्या निविदेत लायसन्सची पातळी लिहा : विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
विज्ञान व तंत्रज्ञान विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी संस्थांसाठी नेटवर्क स्विच (संगणक व इतर यंत्रे एकमेकांना जोडणारे यंत्र) घेताना निविदेत ‘लेयर-3, स्टॅक करता येणारा, 48 पोर्ट’ एवढ्यावरच भागवले जाते, हे इंदूरमध्ये नेटवर्कचे काम करताना मी वारंवार पाहिले आहे. लेयर-3 म्हणजे राउटिंग, अर्थात एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पाठवणे, जमणारा; स्टॅक म्हणजे केबलने जोडून एकाच यंत्रासारखे चालवलेले अनेक स्विच. या वर्णनात बसणारे दोन स्विच यंत्र म्हणून हुबेहूब सारखे असले, तरी राउटिंगची क्षमता त्यांच्या लायसन्सवर (कोणत्या सुविधा वापरता येतील हे ठरवणाऱ्या परवान्यावर) ठरते आणि निविदेत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

सिस्कोच्या कॅटलिस्ट 9300 चे उदाहरण घ्यावे. नेटवर्क इसेन्शियल्स या खालच्या पातळीवर व्हीलॅनमधले (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमधले) आपसांतील राउटिंग, स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेले मार्ग) आणि मर्यादित ओएसपीएफ (मार्ग आपोआप शोधणारा प्रोटोकॉल) मिळते. बीजीपी (स्वतंत्र नेटवर्कमध्ये मार्गांची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) किंवा व्हीआरएफ (एकाच स्विचवर वेगवेगळी राउटिंग टेबल, म्हणजे मार्गांच्या याद्या, ठेवण्याची सोय) हवे असल्यास नेटवर्क अ‍ॅडव्हान्टेज लागते. व्हीआरएफ ही चैन नव्हे. सरकारी रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी, लेखा विभाग आणि अभ्यागतांचे वायफाय एकाच स्टॅकवरून जाते, तेव्हा या तिन्हींचे राउटिंग टेबल वेगळे ठेवण्याचे साधन तेच आहे. ते नसेल तर सगळी भिस्त अ‍ॅक्सेस लिस्टवर (कोणाला कुठे जाऊ द्यायचे याच्या नियमांच्या यादीवर) राहते, आणि तिच्यातली एक ओळ चुकली तरी अभ्यागताचा फोन नोंदींच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकतो.

स्टॅकमध्ये ही अडचण आणखी वाढते, कारण सर्व सदस्य स्विच लायसन्सच्या एकाच पातळीवर असावे लागतात. येथील एका संस्थेत जळालेल्या स्विचच्या जागी त्याच मॉडेलचा नवा स्विच आला. तो रॅकमध्ये बसवला, मागे स्टॅक केबल जोडली, दिवे लागले. पण लायसन्सची पातळी खालची असल्याने तो स्टॅकमध्ये सामील झाला नाही आणि त्याच्यावरचे पोर्ट बंदच राहिले. आज्ञा देऊन पातळी बदलता येते, हे खरे. परंतु विकत न घेतलेली सुविधा सरकारी यंत्रावर चालवणे कोणत्याही जबाबदार अभियंत्याला मान्य होणार नाही, म्हणून खरेदीची फाइल पुन्हा फिरली.

दुसऱ्या उत्पादकांचे नियम निराळे आहेत. ज्युनिपरच्या ईएक्स4200 या स्विचच्या व्हर्च्युअल चॅसीमध्ये (ज्युनिपरचे स्टॅकसाठीचे नाव) 10 पर्यंत स्विच जोडता येतात, पण बीजीपीचे लायसन्स मुख्य आणि राखीव अशा दोन स्विचसाठी घ्यावे लागते. म्हणूनच ‘लायसन्ससह’ हा मोघम शब्द निविदेत पुरेसा नाही.

माझी विनंती अशी की, मध्य प्रदेश राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाच्या आणि आपल्या विभागाच्या तांत्रिक तपशिलांत लागणारे राउटिंग प्रोटोकॉल नावानिशी लिहिले जावेत, आणि बदली स्विचसह प्रत्येक सदस्याची लायसन्सची पातळी नोंदवली जावी. कायमस्वरूपी लायसन्स आणि 3, 5 किंवा 7 वर्षांची वर्गणी यांच्या किमती वेगळ्या मागवाव्यात, आणि वर्गणी संपल्यावर कोणत्या सुविधा चालू राहतील हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. लायसन्स पुरवठादाराच्या नव्हे, संस्थेच्याच खात्यात नोंदवले जावे; कंत्राटदार बदलल्यावर त्याच्यापाठोपाठ धावण्याची वेळ कोणत्याही कार्यालयावर येऊ नये.

जे स्टॅक आधीच बसवलेले आहेत, त्यांच्या प्रत्येक स्विचची सध्याची पातळी तपासून तिची नोंद साठा-नोंदवहीत करण्याचे निर्देशही आपण द्यावेत.

आपला नम्र,
एक नेटवर्क अभियंता,
रामबाग, इंदूर