मिरजेच्या काकूंना, विस्कॉन्सिनमधल्या एका ओकवरून

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता, भाजी करपतेय" म्हणून मोकळ्या होता. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण सप्टेंबर लागला की आपल्यातलं कोणी ना कोणी मला हटकून विचारतं, "हरणाच्या शिकारीला पहिल्यांदाच जातोय, स्टँड (झाडावर बसायची बैठक) कुठला घेऊ?" मी जे उत्तर देतो ते सगळं तुमचं असतं. ते एकदा तुमच्या खात्यावर जमा झालेलं बरं.

गेल्या वर्षी ऑगस्ट संपताना मी तुमच्या दारात गाडीची डिकी उघडून उभा होतो. आत सव्वातीनशे डॉलरचा कोरा करकरीत क्लाइंबर. दुकानातल्या पोरानं तो मला झकास समजावला होता. दोन भाग, वरच्यावर बसायचं, खालच्यावर पाय. वरचा सरकवायचा, त्यावर भार टाकायचा, मग खालचा पायांनी वर ओढून घ्यायचा, असं करत सुरवंटासारखं झाड चढायचं. वजन जेमतेम दहा किलो. पाठीवर टाका आणि हवं त्या झाडावर चढा.

तुम्ही डिकीत डोकावलासुद्धा नाहीत. विचारलंत, "जिना उतरताना अजून डावा पाय आधी टाकतोस का रे?"

टाकतो. गुडघ्याच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली, तरी टाकतो. तुमच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

मग दुसरा प्रश्न. "ज्या रानात बसणार आहेस तिथं पंधरा फुटांपर्यंत एकही फांदी नसलेलं झाड पाहिलंस का?" मी रानच पाहिलं नव्हतं. त्या शेतकऱ्याशी फक्त फोनवर बोलणं झालं होतं. "बाजारात तुरी," तुम्ही एवढंच म्हणालात आणि पुढची म्हण गिळलीत, कारण माझी बायको शेजारी उभी होती.

खरं सांगू, मला रागच आला होता. मी चंद्रपूरचा माणूस. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणीगणना केलेली, आजोबांच्या शेतात रानडुकरं हाकलायला जागलीला गेलेला. मला झाडावर बसायला कोण शिकवणार? पण घरी जाताना लक्षात आलं, की ती सगळी मचाणं दुसऱ्यांनी बांधलेली होती. वनमजुरांनी, नाहीतर आजोबांच्या सालगड्यानं. झाड त्यांनी निवडलं, वासे त्यांनी आवळले, मी नुसता वर जाऊन बसलो. शिवाय ताडोब्यात हातात वही-पेन्सिल होती. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे बंदूक घेऊन हरणाच्या वाटेवर बसणं संपलं, त्यामुळे ते शिकवणारंही घरात कोणी उरलं नाही. वारा कुठून येतो याचा विचार मी मचाणावर कधी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लाइंबर पावतीसकट परत केला. गॅरेजमध्ये एक जुना हँग-ऑनही होता, म्हणजे पट्ट्यानं खोडाला आवळून लटकवायची बैठक, ऑफिसातल्या एकानं फुकट दिलेली. ती मी तुम्हाला दाखवणारच नव्हतो, पण तुम्ही शोधलात. तिचा पट्टा तुम्ही बोटांवर उलटा वाकवलात तेव्हा पिठासारखी भुकटी पडली. उन्हानं धागा मेलेला, आणि एका कडेला खारीनं कुरतडलेलं. स्वयंपाकघरातली कात्री मागून घेतलीत आणि माझ्यासमोर पट्ट्याचे दोन तुकडे केलेत, म्हणजे मोह नको. लोखंड चांगलं होतं हो, असं मी पुटपुटलो. "लोखंडाला कोण विचारतंय, तू पट्ट्याला लटकणार आहेस," म्हणालात.

त्या दिवशी चहा घेताना तुम्ही पहिल्यांदा कामावरच्या गोष्टी सांगितल्या. मिरजेहून इथं आलात, आणि पुढं कितीतरी नोव्हेंबर इमर्जन्सीत ड्युटी केलीत. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा मोसम नऊच दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी सुरू होणारा, आणि अख्खं राज्य तेव्हा झाडावर चढलेलं. लोकांना वाटतं गोळी लागलेले येत असतील. तुमच्याकडे झाडावरून पडलेले जास्त यायचे. कंबर, टाचा, मणका. "आणि बसल्या जागेवरून पडलेले थोडे. चढताना, उतरताना, नाहीतर शिडीवरून फळीवर पाय टाकताना." म्हणून तुम्ही स्टँड बघताना खुर्ची किती मऊ आहे हे बघत नाही. वरच्या शेवटच्या पायरीवरून बैठकीवर कसं जायचं, तिथं हाताला काय लागतं, एवढंच बघता. मी दुकानात त्या गाद्या दाबून पाहत होतो आणि तुम्ही पायऱ्या मोजत होतात.

लोक मला प्रकार विचारतात, तर तुमचा निकाल इथं लिहून टाकतो. हँग-ऑन हलका, स्वस्त, पण तो लावतानाच माणूस सोळा फुटांवर एका हातानं झाडाला मिठी मारून असतो. पहिल्या वर्षी नको. क्लाइंबर सरळ, बिनफांद्यांच्या झाडाचा आणि धड गुडघ्यांचा. तो घेतलाच तर दोन्ही भाग एकमेकांना दोरीनं बांधायचे, नाहीतर खालचा निसटून गेला की तुम्ही वर, जिना खाली. सॅडल म्हणजे झोळीत लटकायचं, ते पोरांनी करावं. उरला शिडीवाला. जड, एकदा लावला की हलत नाही, लावायला तीन माणसं लागतात. "कंटाळवाणा आहे," तुम्ही म्हणालात, "तुला शोभेल."

वजनाचं लेबल वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. तीनशे पौंड लिहिलं असेल तर त्यात मी, माझे तीन थरांचे कपडे, बूट, बंदूक, पिशवी आणि बायकोनं दिलेला डबा, सगळं आलं. ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा शिक्का नसलेली वस्तू तुम्ही हातातही घेतली नाहीत.

पण स्टँडपेक्षा जास्त वेळ आपण झाड शोधण्यात घालवला, आणि तो दिवस मला फार आवडला. मी शेताच्या बांधावरचं एक उंच, सरळसोट झाड हेरून ठेवलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून खोडाला नाक लावलंत. मग अंगठ्याचं नख एका बारीक भोकात घालून मला बोलावलंत. भोक गोल नव्हतं, इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट. अ‍ॅशचं झाड, आणि आत पाचूसारख्या हिरव्या भुंग्याच्या अळ्यांनी साल पोखरलेली. हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००८ मध्ये आपल्या राज्यात. वर सुतारपक्ष्यांनी साल सोलून पांढुरके डाग पाडले होते, ते मी बघूनही पाहिले नव्हते. मेलेलं अ‍ॅश बिस्किटासारखं मोडतं, म्हणालात. पुढच्या हिकरीची सालपटं सुटलेली, तीही नाही. शेवटी ओढ्याच्या वरच्या अंगाला तो म्हातारा ओक मिळाला. खाली दोन फांद्या होत्या, त्या शेतकऱ्याला विचारून कापल्या. पाठीमागं दाट फांद्या ठेवल्या, म्हणजे आकाशासमोर माझी आकृती उठून दिसणार नाही.

आणि मग तुम्ही जाकिटाच्या खिशातून म्हातारी काढलीत.

शाळेच्या वाटेवर रुईची बोंडं फुटली की आम्ही जिच्या मागे धावायचो ती म्हातारी. इथल्या मिल्कवीडची बोंडंही तशीच फुटतात, आत तसंच रेशीम. रुईच्याच कुळातली ती. तुम्ही एकेक केस सोडत होतात आणि आपण दोघं तोंड वर करून बघत होतो. वायव्येचा वारा. म्हातारी हरणांच्या वाटेकडून आपल्याकडे आली, ओकच्या बुंध्याला वळसा घालून आग्नेयेला, मक्याच्या कापलेल्या शेतावर निघून गेली. "नोव्हेंबरात बहुतेक दिवस हाच वारा. तुझा वास तिकडं जाईल, हरीण इकडून येईल. तूही तिकडूनच यायचं, त्यांच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. सकाळचं ऊन तुझ्या पाठीवर." मी म्हटलं झालं तर. तुम्ही म्हणालात थांब. सूर्य कलेपर्यंत तिथंच बसवून ठेवलंत, थर्मासमधला चहा दिलात, आणि वारा पडल्यावर पुन्हा एक म्हातारी सोडलीत. ती कुठंच गेली नाही. जागच्या जागी रेंगाळली आणि हळूहळू उताराला लागून ओढ्यात उतरली, अगदी जिथं हरणांची पावलं उमटलेली होती तिथं. गार हवा जड होऊन खाली वाहते, पाण्यासारखी. "वारा पडलेल्या संध्याकाळी इथं बसायचं नाही."

शिडी उभी करायला तुम्ही, तो शेतकरी आणि मी. तुम्ही खालून पट्टा धरून सूचना देत होतात आणि ते बिचारे सत्तरीतले गृहस्थ "येस मॅम, येस मॅम" करत होते. वाचलेल्या पैशांतून चांगला हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि लाइफलाइन घ्यायला लावलीत: बुंध्यापासून वर डोक्यापर्यंत गेलेला दोर, त्यावर प्रुसिकची गाठ, जी हातानं सरकते आणि झटका बसला की आवळते. जमीन सोडायच्या आधी अडकवायचं, जमिनीला पाय लागल्यावर सोडायचं. बंदूक रिकामी, वेगळ्या दोरीनं वर. लटकलो तर पाय टाकायला एक फासा खिशात, कारण नुसतं लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठत जातं. हा फासा मला वीस वेळा काढायला लावलात, दोन वेळा डोळे मिटून.

आता जे सांगितलेलं नाही ते सांगतो. तुम्ही ओरडाल म्हणून गप्प होतो. मोसमाचा दुसरा दिवस, रविवार. उजाडायला तासभर होता, पायऱ्यांवर दव गोठलेलं. वरून दुसऱ्या पायरीवर, फळीवर पाय टाकताना, तुम्ही सांगितलेल्या नेमक्या त्याच जागी, डावा पाय सटकला. हात निसटले. मी वीतभर खाली आलो आणि गाठ आवळली. बस, एवढंच. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. झाडाला गाल टेकून किती वेळ होतो कोण जाणे, सालीचा वास आठवतो. नंतर वर जाऊन बसलो, पण त्या सकाळी समोरून हत्ती गेला असता तरी दिसला नसता.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मादी आली, पाडस सोबत नव्हतं, तीस पावलांवर आडवी उभी राहिली. एकाच गोळीत झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००२ पासून या राज्यात हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा त्यांना खंगवून मारणारा रोग आहे, म्हणून तपासणीला दिलं, निकाल चांगला येईपर्यंत फ्रीझरला हात लावला नाही, आणि मग तुमच्या कांदा-लसूण मसाल्यातला खिमा. आईला फोनवर बकऱ्याचा सांगितलाय. तेवढं सांभाळून घ्या.

जानेवारीत पट्टे सोडवून आणले. झाड वाढतं, पट्टा वाढत नाही, हे लक्षात होतं. या वर्षी नवे घेतलेत, जुने तुम्ही सांगाल तसे कापून टाकेन. तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा कसा परत करायचा, म्हणून चंद्रपुराहून मूगवड्या यायची वाट बघत होतो. त्या आल्यात. शनिवारी दुपारी घेऊन येतो. शेतकरी घरी आहेत, मीही आहे, आणि शिडी उभी करायला तिसरं माणूस लागतं.

तुमचा,
डावा पाय आधी टाकणारा