इशारा पातळी फक्त नदीलाच असते का?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत खानावळ चालवते. गुरुवारी भाकऱ्या थापताना सरकारी दवाखान्यातून फोन आला. "मावशी, फ्लूची लस आलीय. सुनेला घेऊन या." आवाज गोड होता. पण सून बाळंत होऊन बावीस दिवस झालेत, आणि त्याआधी फ्लूनेच तिला नऊ दिवस आयसीयूत झोपवलं होतं. फोन करणाऱ्या बाईंचा दोष नाही. मे महिन्यात वहीत नंबर लिहून घेतला होता, तो त्यांनी लावला. म्हणून पत्र तुम्हाला.

गरोदर बायका आणि साखर-बीपीवाल्यांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट द्यायची, हे राज्याने २०१५ मध्येच ठरवलंय. मी मे ते जुलै तीन फेऱ्या मारल्या. "वरून साठा नाही." "पुढच्या आठवड्यात बघा." तिसऱ्यांदा तर शिपाईच म्हणाला, "पाऊस लागलाय मावशी, कशाला भिजत येता?" ओ साहेब, पाऊस लागला म्हणूनच येत होते! आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. टोचल्यावर अंगात प्रतिकार उभा राहायला दोन आठवडे लागतात. म्हणजे लस मे-जूनमध्ये दंडात गेली पाहिजे. ऑक्टोबरात आलेली लस जानेवारी-मार्चच्या दुसऱ्या लाटेसाठी आहे म्हणत असाल, तर मान हलवते बापडी.

मेडिकलवाल्याने अठराशे सांगितले होते. सरकार देणार म्हणून मी थांबले. ती चूक माझीच.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सुनेला ताप भरला. अंग मोडून आलं, घसा बसला, कोरडा खोकला. सातवा महिना. दवाखान्यात म्हणाले, "वातावरण बदललंय, व्हायरल आहे." पॅरासिटामॉल दिली, वर अँटिबायोटिक. व्हायरल आहे हे तुम्हीच म्हणता, मग अँटिबायोटिक कशाला? विषाणूवर ती चालतच नाही. सरकारच्याच नियमात लिहिलंय की गरोदर बाईला फ्लूची लक्षणं दिसली तर तपासणीची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करा. पहिल्या ४८ तासांत दिली तर गुण जास्त. आम्हाला चौथ्या दिवशी मिळाली, तेव्हा ओठ निळे पडले होते आणि बोलताना तिला धाप लागत होती. स्वॅबचा रिपोर्ट त्यानंतर आला. एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू.

ते नऊ दिवस कसे गेले ते मला माहीत. मुलगा रिक्षा सोडून दारात बसलेला, डबे बंद, वीस पोरं दुसऱ्या खानावळीत गेली, त्यातली सहा अजून परत आली नाहीत. मंगळसूत्र कुठं आहे ते इथं लिहीत नाही. बाळ आठव्यातच झालं. मुलगी आहे, जगली, अंबाबाईची कृपा. तिला सहा महिने होईपर्यंत फ्लूची लस देता येत नाही. आईने पोटात असताना घेतली असती, तर आईची ताकद तिलाही मिळाली असती. एका सुईत दोघी.

आमच्या गल्लीत चौदा घरं. अकरा घरांत तापाचं कोणी ना कोणी होतं. मोजणी माझी, डबे पोचवताना केलेली; चूकभूल द्यावी घ्यावी. पण तुमच्याकडे कुठली मोजणी आहे? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. तासातासाला आकडा मोबाइलवर येतो. तापाची पातळी सांगायला कुणी नाही. ती आयसीयूच्या दारात कळते.

विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारी आणि सप्टेंबर असं दोनदा सांगते की लशीत काय घालायचं. ते वेळापत्रक पाळलं जातं. विषाणूही वेळेवर येतो. विषाणूशास्त्र संस्था पुण्यात, १९५२ पासून. जगातला सगळ्यात मोठा लस कारखाना पुण्यात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळीही पुण्यातच गेला. पुण्याहून एसटी पाच-सहा तासांत कोल्हापुरात येते. लशीला पाच महिने कुठल्या घाटात लागले?

तसं लशीचंच कशाला? पूर ओसरल्यावर बोट येते, पीक कुजल्यावर पंचनामा होतो आणि माणूस गेल्यावर चौकशी समिती बसते. वेळेवर येतो तो फक्त फलक, तुमच्या वाढदिवसाचा. कारभारच उशिराचा, आणि उशीर करणाऱ्याला कुणी विचारत नाही. आम्ही मात्र लाइटबिल एक दिवस चुकवलं की दंड भरतो.

मागणं फार नाही. पुढच्या वर्षी लस मेमध्ये द्या. किती आली, किती उरली, ते दवाखान्याच्या दारावर खडूने लिहा. गरोदर बाई तापाने आली की औषध त्याच दिवशी तिच्या हातात पडू दे.

त्या बाईंना मी फोनवर विचारलं, सुनेच्या जागी मला देता का? मलाही साखर आहे, मेमध्ये माझंही नाव सांगितलं होतं. त्यांनी वही चाळली. "तुमचं नाव दिसत नाही, मावशी." तरी सोमवारी डबे गेले की मी माझा दंड घेऊन येते आहे. घरात बावीस दिवसांचं लेकरू आहे. एक डोस बाजूला ठेवायला सांगा.

आपली,
मंगळवार पेठेतील एक खानावळवाली