खरड छाटणीच्या दिवसांविषयी बाबांना पत्र

ट्रियर, जर्मनी
फेब्रुवारीतील रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "माई, तिथे तू समाधानी आहेस ना?" मी नुसते "हो" म्हणाले आणि फोन ठेवला, पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला एका अक्षराचे उत्तर दिल्याची आठवडाभर रुखरुख लागून राहिली, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

पहिली दोन वर्षे मी समाधानी नव्हते. काम चांगले होते, पगार वेळेवर होत होता, परंतु प्रत्येक दिवस मी पुढच्या कशाची तरी वाट पाहत ढकलत होते: आधी भाषेची परीक्षा, मग बढती, मग नाशिकचे तिकीट. ज्या दिवशी काही घडले नाही तो दिवस वाया गेला, असा हिशेब मनाशी पक्का झाला होता.

तो हिशेब चुकीचा असल्याचे एका द्राक्षमळ्यात उमगले. शेजारच्या आजींचा मोझेल नदीच्या उतारावर रीसलिंग द्राक्षांचा छोटा मळा आहे, आणि गुडघे दुखू लागल्यामुळे मागील वर्षी जानेवारीत त्यांनी छाटणीसाठी माझी मदत मागितली. येथील वेल थंडीत झोपतो, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते. त्या खड्या चढावर एकेका खुंटाला एकेक वेल उभा असतो आणि त्याच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधतात. आपल्याकडे वेलाला अशी झोप नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो, हे सांगितल्यावर आजींनी विचारले, "एप्रिलच्या छाटणीनंतर फळ धरत नाही, तर ती कशासाठी?"

उत्तर देताना मला तुमचेच शब्द आठवले. लहानपणी दिंडोरीच्या बागेत खरड छाटणीनंतर पाने गेलेले उघडे ओलांडे, वेलाच्या त्या आडव्या फांद्या, पाहून मी रडले होते. पुढे मे महिन्यात तुम्ही नव्या काडीवरचा डोळा दाखवलात आणि म्हणालात, की ऑक्टोबरनंतर दिसणारा घड याच उन्हात, याच डोळ्यात ठरतो आहे. त्या दीड-दोन महिन्यांत डोळ्यांना ऊन मिळाले नाही तर काडी वांझ राहते, आणि जो घड तेव्हा ठरलाच नाही तो नंतर कितीही खत घातले तरी येत नाही.

आजींना हे समजावताना मी माझ्याच दिवसांकडे पाहू लागले. आता बसमध्ये रोज सहा नवे जर्मन शब्द लिहिते. आजोबा १८४० सालापासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणून दिवेलागणीनंतर वाचत, तशी मीही रात्री दहा पाने वाचते. सर्वांत मोठा बदल मात्र ऐकण्यात झाला. समोरच्याचे वाक्य संपण्याआधी उत्तर देण्याची माझी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. परक्या भाषेत क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे शेवटपर्यंत थांबावेच लागते, आणि ते थांबणे आता मराठीतही अंगवळणी पडले आहे. परवा आई अर्धा तास बोलली आणि मी एकदाही तिला तोडले नाही.

मार्च २०१४ च्या गारपिटीनंतरची सकाळही हल्ली वारंवार आठवते. तयार माल मातीत पडला होता, आई ओट्यावर सुन्न बसली होती, आणि तुम्ही नेहमीच्याच वेळी बागेत जाऊन मोडलेल्या काड्या एकेक करून वेगळ्या करीत होतात. तुम्हाला दुःख झाले नाही की काय, असे तेव्हा वाटले होते. रोजच्या कामाने माणसाला केवढा आधार मिळतो, हे मला आज कळते.

तर बाबा, होय, मी समाधानी आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून तीन आठवड्यांची रजा मिळाली आहे. काढणी वेळेवर उरकली असेल तर खरड छाटणी माझ्यासाठी थोडी थांबवा आणि विहिरीकडची पहिली ओळ माझ्या हाती द्या. आजींनी त्यांची जुनी कात्री मला दिली आहे. ती घेऊन येत आहे.

सौ. आईस सा. न.

तुमची,
माई