लॉजिस्टिक्स आणि इंग्रजी एकाच वर्गात शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाडमध्ये लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनच्या, म्हणजे मालाची साठवण, वाहतूक आणि पुरवठा शिकवणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांची चौकशी सुरू होते. हे अभ्यासक्रम आपल्या भागात हवेतच. अडचण आहे ती वेळापत्रकात. लॉजिस्टिक्सचा तास एका बाजूला, 'अनिवार्य इंग्रजी'चा दुसऱ्या बाजूला. एकात व्याख्या पाठ होतात, दुसऱ्यात धड्याचा सारांश लिहिला जातो. मराठी माध्यमातून आलेली मुले नोकरीत अडखळतात ती नेमकी या दोन तासांच्या मधल्या जागेत.

एकच शब्द घेऊ, 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत माल पोचवा' आणि 'शुक्रवारपर्यंत माल गोदामात ठेवा' ही दोन्ही वाक्ये मराठीत बिनचूक आहेत. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे' लागते, दुसऱ्याला 'अंटिल फ्रायडे'. विद्यार्थी दोन्हीकडे 'टिल' लिहितो आणि पहिल्या वाक्याचा अर्थ होतो, शुक्रवार येईतो माल पोचवत राहा. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देऊ या बँकेच्या हमीपत्रात, तर अशा शब्दांचे अर्थ नियमानेच बांधलेले आहेत. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार माल चढवण्याच्या मुदतीसाठी 'अंटिल १० मार्च' म्हटले तर १० तारीख धरली जाते, 'बिफोर १० मार्च' म्हटले तर ती धरली जात नाही, आणि 'ऑन ऑर अबाउट १० मार्च' म्हणजे ५ ते १५ मार्च, दोन्ही टोकांचे दिवस धरून. रकमेच्या किंवा मालाच्या आकड्याआधी 'अबाउट' आले की दहा टक्के कमी-जास्त चालते. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. कागदात विसंगती निघाली तर ती पैसे अडवू शकते, मग द्राक्षे कितीही उत्तम असोत. हा धडा इंग्रजीचा म्हणायचा की लॉजिस्टिक्सचा?

आता द्राक्षाचाच कंटेनर पाहू, कारण तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळच्या मुलांना तो जवळचा आहे. रीफर, म्हणजे शीत कंटेनरचे यंत्र थंड माल थंड राखण्यासाठी असते, गरम माल थंड करायची त्याची ताकद नसते. म्हणून काढणीनंतर काही तासांतच पेट्या प्री-कूलिंगला, म्हणजे आधीच थंड करायला, जाव्या लागतात आणि मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून गर ० ते १ अंशापर्यंत आला आहे की नाही ते पाहावे लागते. खोलीचे तापमान पाहून भागत नाही. गर पुरता थंड न होता पेटी बंद झाली तर आतल्या प्लास्टिकवर पाणी धरते. बुरशी रोखण्यासाठी पेटीत ठेवलेले सल्फर डायऑक्साइडचे पॅड ओलाव्यानेच वायू सोडते, त्यामुळे पाणी जास्त झाले की वायूही जास्त सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. शेतकऱ्याला वाटते पॅड खराब होते. खरी चूक दोन टप्पे आधी झालेली असते.

भरतानाही असेच. थंड हवा कंटेनरच्या जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून जाते, पेट्यांतून वर चढते आणि छताखालून परत फिरते. आतल्या लाल रेषेच्या वर पेटी गेली की परतीची वाट बुजते. दाराशी जमिनीचा तुकडा उघडा राहिला तर हवा पेट्यांत न शिरता तिथूनच वर निघून जाते, म्हणून तो पुठ्ठ्याने झाकतात. भरताना यंत्र बंद ठेवायचे. माल चढवायचा धक्का शीतगृहाला जोडलेला नसेल तर रिकामा कंटेनर आधीच थंड करू नये, कारण बाहेरची दमट हवा आत शिरून पाणी होते आणि पुढे यंत्राच्या थंड कॉइलवर बर्फ धरतो.

हे सगळे मराठीत समजावे, त्यात कमीपणा नाही. पण शेवटी बुकिंगच्या कागदावर तापमान भरायचे असते ते इंग्रजीत. 'मायनस ०.५' मधला दशांश बिंदू सुटून मायनस ५ झाले तर अख्खा कंटेनर गोठतो. बाहेरची हवा आत घेणारी झडप 'क्लोज्ड' की 'ओपन', हेही तिथेच लिहायचे. ज्याला यामागचे कारण कळले आहे तो आकडा दोनदा तपासतो.

वजनाचा सराव याच कंटेनरवर घेता येतो. १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. समजा २० पॅलेट, प्रत्येकावर १३० पेट्या, पेटीचे एकूण वजन ५.६ किलो. पेट्यांचे झाले १४,५६० किलो. पॅलेट आणि पट्ट्यांचे ५०० धरा, दारावर लिहिलेले रिकाम्या कंटेनरचे ४,६०० मिळवा. बेरीज १९,६६० किलो. विद्यार्थी चुकतो तो निव्वळ वजनाच्या, म्हणजे ५ किलोच्या पेटीवरून हिशेब करून. नेट (निव्वळ), ग्रॉस (एकूण) आणि टेअर (रिकाम्याचे) हे तीन शब्द शब्दकोशातून पाठ होत नाहीत, काट्यावर होतात. शिवाय युरोपातल्या अनेक देशांत स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह, तेव्हा १९,६६० चे तिथे एकोणीस पूर्णांक काहीतरी वाचले जाऊ शकते. आपली १,२५,००० ही लिहिण्याची पद्धतही त्यांना अनोळखी. ०३/०४ ही तारीख तर कुणीही कशीही वाचेल, महिना अक्षरातच लिहायला शिकवावे.

फोनवरचे इंग्रजी याहून दुर्लक्षित. मराठीत आपण 'पस्तीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि तीस नंतर. इंग्रजी आकडा ऐकून मनात मराठी करताना ३५ चे ५३ होते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांची गल्लत वेगळीच. म्हणून कंटेनर क्रमांक एकेक अंक सुटा सांगायचा, आणि बी, डी, पी ही अक्षरे ब्राव्हो, डेल्टा, पापा अशा ठरलेल्या शब्दांनी. या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या चार अक्षरांवरून व सहा अंकांवरून काढलेला असतो: अक्षरांना ठरलेल्या किमती, मग १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत गुणक, बेरजेला ११ ने भागून उरते ती बाकी. बाकी १० आली तर ० लिहितात. मुलांनी ऐकून लिहिलेला क्रमांक स्वतःच तपासावा. ऐकण्यातली चूक बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते, शिक्षकाने सांगावी लागत नाही.

वर्गात हे कसे करावे? दोन क्रेडिटचे ३० तास पुरतात, पण दोन्ही विषयांचे शिक्षक एकत्र उभे राहिले पाहिजेत. साठ मुलांचे चार-चारचे पंधरा गट करावेत. गटातल्या दोघांकडे खरेदीदाराची ई-मेल, दोघांकडे पॅकहाउसचा, म्हणजे माल पेट्यांत भरतात तिथला, तक्ता. एकमेकांचे कागद न पाहता, पाठीला पाठ लावून, फोनवर बोलल्यासारखे बोलून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट भरायची. कागदांत पाच चुका मुद्दाम पेरलेल्या असाव्यात. त्या तासाला 'अ' आणि 'द'च्या चुका सुधारू नयेत. फक्त तारीख, आकडा, तापमान, नाव आणि नग यांत जे चुकेल तेवढेच थांबवावे, नाहीतर मुले बोलायचेच बंद करतात. व्याकरणाचा क्रमही बदलावा लागेल. आधी 'इन', 'ऑन', 'ॲट', कारण आपले '-त', '-वर' आणि '-ला' त्यांच्याशी सरळ जुळत नाहीत. मग कर्मणी प्रयोग, कारण बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची भाषा 'माल स्वीकारला गेला' अशीच असते. कविता आणि धडे काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या शेजारी हे हवे.

गोदामाचा धडा परदेशी नकाशांवरून सुरू होतो, तेव्हा वाईट वाटते. सांगलीशेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली. कोरडी, हवाबंद साठवण आणि पुराचा धोका, दोन्ही एका फेरीत शिकवता येतात. साताऱ्याकडच्या मुलांसाठी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्यावी. तिथे साठवणीला वावच नाही, सगळा हिशेब तासांचा.

शेवटची गोष्ट इंटर्नशिपची. ती उन्हाळी सुट्टीत, मे-जूनमध्ये टाकली की कागदोपत्री सोयीची होते. पण द्राक्षाची निर्यात साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये चालते. मे महिन्यात पॅकहाउसमध्ये जाणाऱ्या मुलाला रिकामे क्रेट मोजायला मिळतात. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी ही चार क्रेडिट, म्हणजे १२० तास (इंटर्नशिपला एका क्रेडिटचे ३० तास, वर्गातल्यासारखे १५ नव्हे), फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावेत. आठवड्यातले दोन दिवस, आठ-आठ तास धरले तर साडेसात आठवड्यांत पुरे होतात, आणि सत्र परीक्षेलाही धक्का लागत नाही.

आपले,
लॉजिस्टिक्स व इंग्रजी विषयांचे दोन अध्यापक,
सांगली