आक्का, माडीवरचं पोरगं लिहितंय

आक्का, नमस्कार.

हे पत्र नातवाकडून मोठ्यानं वाचून घ्या, चष्मा शोधत बसू नका. आणि "हे कशाला लिवायचं चारचौघांत" म्हणून त्याला मधेच थांबवू नका. चारचौघांतच लिहायचं आहे.

जून २०१९. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत खोली शोधताना तुमचं दार सहावं की सातवं होतं. आधीच्या प्रत्येक दारात एकच प्रश्न, कुठे तोंडावर, कुठे नुसत्या नजरेनं: मुलगा का मुलगी? आवाज ऐकला की एक वाटायचं, केस-कपडे बघितले की दुसरं, आणि आधार कार्ड हातात घेतलं की चेहराच बदलायचा. त्या कार्डावर काय छापलंय ते इथे लिहीत नाही. तुम्ही उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होता. सुपातनं मान वर न काढता म्हणालात, "कुठनं आलंयस? जेवलंयस का?"

आलंयस. जेवलंयस. आक्का, दिवसभर छापखान्यात बसून लग्नपत्रिका आणि अहवाल जुळवणं, त्यातली लिंग-वचनं दुरुस्त करणं हे माझं काम. एका क्रियापदाचं काय मोल असतं ते मला विचारा. मराठीत "मी" म्हटलं की पुढच्याच शब्दाला कबुली द्यावी लागते, गेलो की गेले. शाळेत तिसरं लिंग शिकवलं ते "नपुंसक" या नावानं. फळ्यावर तो शब्द उमटला आणि मागच्या बाकांवरून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हापासून "मी" टाळायची सवय लागली. "दमायला झालंय", "मला जायचंय", "आम्ही आलो" असं बोलत वर्षं काढली. या पत्रातही हुडकून बघायला सांगा नातवाला, माझ्या तोंडी तसलं एक क्रियापद सापडणार नाही.

आणि तुम्ही! नऊवारी नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून तुम्ही म्हणायचा, "मी मंडईत जाऊन आलो." कोल्हापूरच्या बायका सर्रास असं बोलतात, बाहेरची माणसं हसतात. माझ्या गावाकडे ही पद्धत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ऐकून कान टवकारले. तुम्ही "आलो" म्हणालात म्हणून तुमच्या बाईपणाचं काहीच बिघडलं नव्हतं. त्या रात्री माडीवर झोप लागली नाही, इतकं ते डोक्यात घोळत राहिलं. मूल, लेकरू, वासरू, कोकरू, पोरगं. ज्याला कुशीत घ्यावंसं वाटतं त्याला मराठी त्याच तिसऱ्या लिंगात हाक मारते. ज्या खणाचं नाव ऐकून शाळेत मान खाली गेली होती, त्याच खणात एवढी माया भरलेली होती, हे मला तुमच्या घरात कळलं.

दोन महिन्यांत महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. जामदार क्लबपाशी पाणी आलं तरी तुम्ही निवांत होता, "येतंय आन् जातंय." या खेपेला ते जिना चढायला लागलं तेव्हा होडीतनं निघालो आपण.

शिबिरातला तो हॉल आठवतो का? मधोमध दोरी बांधून त्यावर साड्या टाकलेल्या. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. दारात एक माणूस वहीत नावं लिहून घेत होता आणि त्याच्या वहीतही दोनच रकाने. माझ्याकडे बघून त्यानं मागे वळून विचारलं, "ह्याला कुठं टाकायचं?" कुणीतरी हसलं. हातातल्या पिशवीतनं पाणी ठिबकत होतं आणि माझी नजर त्या ठिबकण्यावर खिळलेली. बाहेरच्या व्हरांड्यातच रात्र काढावी असं मनात पक्कं झालं होतं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. आत जाऊन दोरीच्या बरोबर खाली वाकळ अंथरलीत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग वहीवाल्याला सांगितलंत, "हे माझ्यापाशी झोपणार. माझं गुडघं रातचं धरत्यात, उठवायला कोणतर लागतंय."

तुमचे गुडघे कधीच धरत नव्हते आक्का. पुढच्या महिन्यात गाळ काढायला माझ्याआधी जिना उतरत होता तुम्ही. चार रात्री त्या वाकळेवर आपण झोपलो. वारा आला की वरच्या साडीचा काठ तोंडावर यायचा, आणि तुम्ही झोपेतच हातानं तो बाजूला करायचा. माझ्या तोंडावरचा.

पुढचं मार्गशीर्षातलं. तुम्ही यल्लम्माच्या यात्रेहून, सौंदत्तीहून आलात, भंडारा लावलात आणि समोर बसवून विचारलंत, "खरं सांग, देवीनं बोलावलंय काय तुला? जग घ्यायचाय डोईवर?" कुत्सितपणा अजिबात नव्हता. साडी नेसलेले, जग म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली डोक्यावर घेऊन नाचणारे, देवीला वाहिलेले जोगते तुम्ही जन्मभर बघितलेत, त्यांच्या पाया पडलात. जे माहीत होतं त्यातनंच तुम्ही मला समजून घेऊ बघत होता. "नाही" म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, "मग डाक्टरकडं जायाचं हाय?" तेही माहीत नव्हतं. नॉन-बायनरी हा शब्द तेव्हा नुकताच सापडला होता, पण तो तुमच्यासमोर उच्चारायला जीभ रेटेना. तृतीयपंथी म्हणावं, तर त्या शब्दामागे गुरू-चेल्यांची घराणी आहेत, त्यांनी सोसलेलं आहे. आयतं जाऊन तिथे बसायचा माझा हक्क नाही. तोडकंमोडकं एवढंच सांगितलं की काही दिवस बाईही वाटत नाही आणि पुरुषही वाटत नाही, आणि पुढे काय ते ठाऊक नाही.

"मग ऱ्हाऊ दे की. कळंल तवा सांग. भाकरी वाढू?"

घरच्यांनी, मित्रांनी, एका समुपदेशकानंसुद्धा निर्णय मागितला होता. तुम्ही मुदतही घातली नाहीत. आक्का, सगळ्यात मोठे आभार याचे.

त्याच डिसेंबरात पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. लोकसभेत विधेयक मंजूर झालं होतं ५ ऑगस्टला, इथे पाणी चढत असताना. आमच्यातल्या अनेकांचे त्यावर आक्षेप होते. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र आणायची अट मलाही पटली नाही, कारण सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, असं आधीच सांगितलं होतं. पण कायद्याच्या व्याख्येतलं एक वाक्य तुम्हाला चुलीपाशी वाचून दाखवलं होतं. त्यात जेंडरक्वीअर होतं, म्हणजे माझ्यासारखी माणसं, आणि त्याच वाक्यात किन्नर, हिजडा आणि जोगता. तुमच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "आमचा जोगता? दिल्लीच्या कायद्यात?" आणि मग, "म्हंजे तुमी दोगं एकाच वळीत बसलासा की."

आता हे सगळ्यांसमोर का. परवा छापखान्यात एक जण पत्ता विचारत आलं, विशीतलं, सात दारं फिरून आलेलं. ज्यांच्या माडीवर खोली रिकामी आहे त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी.

आणि तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी. गेल्या महिन्यात ती जुळवायला तुम्ही माझ्याचकडे दिलीत. खाली नावांची रांग: श्री., सौ., कु., चि. शेवटी तुमच्या हुकमावरून माझं नाव आलं आणि त्याच्यापुढे कर्सर नुसता लुकलुकत राहिला. फोन लावला तुम्हाला.

"त्या चि.चा अर्थ काय हुतो?"

"चिरंजीव."

"म्हंजे लई दिवस जगणारं. मग त्येच लाव."

लावलंय आक्का. दोनशे प्रती छापून झाल्या, शाई वाळली की रविवारी गठ्ठा घेऊन येईन. भाकरी दोन जास्त थापा, ते सात दारं फिरलेलं पोरगंही सोबत असेल.

तुमचं,
माडीवरचं